पायाखालची घंटी

राहायला विश्रांतवाडीत आणि डोळ्याला डोळा नाही, असं भीमराव ओव्हाळबद्दल कारखान्यातले लोक म्हणायचे आणि आपल्याच विनोदावर हसायचे. पुण्यात असले विनोद करायला कुणाला कष्ट पडत नाहीत. भीमराव पहिल्या दोन-चार वेळा हसला, मग नुसती मान हलवायला लागला, आणि दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात तर हे वाक्य कानावर पडलं की तो तिथून बाजूला व्हायचा. लोकांना वाटायचं, त्याला झोप येत नाही. खरी गोष्ट उलटी होती. झोप यायची. नको तिथे, नको तेव्हा यायची, आणि येऊन गेली हे त्याला नंतर कळायचं.

भीमरावचा जन्म सत्तावन्न सालचा. आदल्याच वर्षी घराने धम्म स्वीकारला होता, त्यामुळे मुलाचं नाव काय ठेवायचं यावर घरात चर्चा झाली नाही. वडील खडकीच्या एका गोदामात पोती वाहायचे. पोराच्या पाठीवर पोतं येऊ द्यायचं नाही, एवढा एकच हट्ट त्यांनी आयुष्यभर केला. भीमराव आय.टी.आय. शिकला, भोसरीच्या बाजूला एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला आणि सात वर्षांनी क्रेनवर चढला.

ही क्रेन रस्त्यावर दिसते तसली नव्हे. छपराखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लोखंडी पूल रुळांवरून पुढेमागे सरकतो, त्याच्या पोटाला काचेची केबिन लटकलेली असते आणि हुकाला तीन-चार टनांचं ओझं. केबिनमध्ये चालक एकटा, जमिनीपासून तीस फुटांवर. हा कारखाना लोखंड तापवून, घणाखाली ठोकून गाड्यांचे सुटे भाग करायचा, आणि ते ठोकायचे साचे, म्हणजे डाय, क्रेनशिवाय जागचे हलायचे नाहीत. खंडेनवमीला घरच्या माणसांना कारखाना दाखवायची तिथे पद्धत होती. त्या वर्षी वडील आले. मान दुखेपर्यंत केबिनकडे पाहत उभे राहिले आणि भीमराव खाली उतरल्यावर म्हणाले, "आपल्यात इतकं वर कुणी बसलं नव्हतं, भीमा." मग बराच वेळ ते चष्मा पुसत होते.

सगळ्यांनाच एवढं भरून आलं होतं असं नाही. "यांना बसून खायची कामं बरी मिळतात," असं पाठीमागे बोलणारेही होते, आणि पाठीमागे म्हणजे भीमरावला ऐकू जाईल इतपतच मागे. भीमराव त्यांच्याशी भांडला नाही. त्याने फक्त चूक करायची नाही असं ठरवलं. एकोणीस वर्षं त्याने ते पाळलं. ओझं कधी भिंतीला घासलं नाही, साखळी कधी तुटली नाही, कुणाच्या अंगाला ओरखडा आला नाही.

खाली गेनबा असायचा. गेनबा चऱ्होलीकडचा, भीमरावच्याच वयाचा, तोंडात कायम तंबाखूची गोळी. ओझ्याला साखळी घालणं, ते उतरलं की सोडवणं आणि वरच्याला हाताने खुणा करणं हे त्याचं काम. तळहात वर म्हणजे उचल, खाली म्हणजे सोड, मूठ म्हणजे थांब. दोघांचा संसार पंधरा वर्षं असा खुणांवर चालला होता. "आपलं दोघांचं समदं बोलणं हातानं," गेनबा म्हणायचा, "म्हणून तर भांडान न्हाई. बायकूशी पन असंच बोलाया पायजे." ओझ्याखाली हात घालायची वेळ आली की तो आधी मान वर करून केबिनकडे बघायचा. भीमराव दोन्ही हात उचलून दाखवायचा, म्हणजे माझा हात क्रेन चालवायच्या दांड्यावर नाही, तू बिनधास्त जा. मग गेनबा आत शिरायचा.

एक्याण्णवनंतर सगळ्या देशाची दारं उघडली, तशी या कारखान्याचीही उघडली. परदेशी गाड्यांच्या ऑर्डरी आल्या. त्याआधी दोन पाळ्या चालायच्या आणि रात्री भट्टीसुद्धा निजायची. आता भट्टी निजेनाशी झाली. एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक रात्र अशी फिरती पाळी सुरू झाली. शरीराला रात्रीची सवय लागते न लागते तोच सोमवार यायचा आणि पुन्हा पहाटे साडेपाचला उठायचं असायचं. पुढे स्वेच्छानिवृत्ती आली, जिच्यात स्वेच्छा सोडून बाकी सगळं होतं. क्रेनवरचे सहा जण होते ते तीन उरले. तिघांत तीन पाळ्या म्हणजे एक जण आजारी पडला की दुसऱ्याने त्याच्या जागी थांबायचं. याला कारखान्यात डबल म्हणतात. डबल म्हणजे सोळा तास. नाही म्हणायची सोय होती, पण स्वेच्छानिवृत्तीची पुढची यादी कुणाच्या टेबलावर तयार होते आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

रात्रपाळी करून घरी यावं तर दिवसा झोप कुठली? विश्रांतवाडीत दोन खोल्या, वर सिमेंटचे पत्रे. सकाळी नऊ वाजले की लोहगावहून लढाऊ विमानं सरावाला उठायची आणि भांड्यांच्या मांडणीतले पेले एकमेकांवर वाजायचे. मग प्रवासी विमानं वाढली. एक गेलं की दुसरं. चंद्रभागाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, खिडकीला जुनी गोधडी लावली, भाजीवाल्याला गल्लीच्या तोंडाशीच ओरडायला सांगितलं, शेजारणीच्या पोरांना खाऊ देऊन चौकात पिटाळलं. आकाशाला काय देणार? आम्रपाली, त्यांची एकुलती एक मुलगी, नुकतीच हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. तिने पप्पांसाठी कानात घालायचे बोळे आणले. ते घातले की भीमरावला आपल्याच छातीचे ठोके ऐकू यायचे आणि तो आणखी जागा व्हायचा. तीन तास, साडेतीन तास. त्यातही चार वेळा कूस बदलायची. झोपेचं खोबरं झालं, असं आपण सहज म्हणून जातो. भीमरावचं ते अडीच वर्षं होत होतं.

आधी चिडचिड आली. पोळी कडक झाली म्हणून आयुष्यात कधी न बोललेला माणूस ताट सरकवून उठायला लागला. मग विसरभोळेपणा आला. दळण टाकून यायचा आणि कुठल्या गिरणीत टाकलं ते आठवायचं नाही. एका रविवारी जेवताना घास हातात घेऊन तो तसाच थांबला. आम्रपाली समोर बसली होती.

"पप्पा, तुम्ही आत्ता झोपला होतात."

"काहीतरीच. विचार करत होतो."

"डोळे उघडे होते तुमचे. मी दोनदा हाक मारली. आय ॲम सीरियस पप्पा, हे नॉर्मल नाहीये. डॉक्टरला सांगा ना."

"सांगतो," भीमराव म्हणाला आणि घास तोंडात घातला. भाजी गार झाली होती.

त्याच आठवड्यात सकाळी घरी परतताना त्याची लूना विश्रांतवाडीचा चौक ओलांडून फुलेनगरच्याही पुढे गेली. दिघी त्याला आठवत होती, कळसचा उतार आठवत होता. त्यानंतर एकदम समोर पी.एम.टी. बसची मागची पाटी आली, ती हातभर अंतरावर. मधे दोन सिग्नल होते. ते लाल होते की हिरवे हे त्याला आजतागायत माहीत नाही. रस्त्याच्या कडेला लूना उभी करून तो फुटपाथवर बसला. येणारेजाणारे बघत होते, आणि सकाळीच लावलेली दिसते असं एक पेन्शनर त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणून गेला.

पण खरा थरकाप उडाला तो क्रेनवर. चार टनांची डाय त्याने तिसऱ्या खांबापाशी उचलली होती. ती त्याला पुढे दिसली ती थेट सहाव्या खांबापाशी, बरोबर जागेवर, हळुवार टेकवलेली. खाली गेनबा साखळी सोडवत होता. मधलं काहीच नव्हतं. कुणी पुस्तकातली मधली पानं फाडून न्यावीत तसं. ओझं एवढ्या माणसांच्या डोक्यावरून शंभर फूट गेलं होतं आणि ते नेणारा जागेवर नव्हता. त्याने केबिनची खिडकी उघडली आणि जोरजोरात श्वास घेतला.

वार्षिक तपासणीत कंपनीच्या डॉक्टरने रक्तदाब वाढल्याचं सांगितलं आणि मान वर न करता विचारलं, "झोप किती होते?"

"सात तास," भीमराव म्हणाला.

डॉक्टरने सात लिहिलं. तिथे खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी क्रेनवरून उतरवलं असतं, आणि क्रेनवरून उतरवलेला माणूस यादीत पहिला. बरं, ते एक वेळ चाललं असतं. पोरगी कमावती झाली होती. पण भोसरीपासून विश्रांतवाडीपर्यंत जे म्हटलं गेलं असतं, ते त्याच्या कानात आधीच वाजत होतं. बघा, बसून खायचं काम दिलं तर झोपला. एकोणीस वर्षांचं काम त्या एका वाक्याखाली गेलं असतं. या भीतीने तो गप्प राहिला. मीही राहिलो असतो, आणि न राहण्याची फुशारकी मारणाऱ्यांनी आधी एक डबल करून दाखवावी.

गेनबाला मात्र फसवता आलं नाही. पंधरा वर्षं जो माणूस दिवसातून पन्नास वेळा मान वर करून तुमच्याकडे बघतो, त्याला तुमच्या डोळ्यांतलं कळतंच.

"भीमराव," एकदा चहाच्या वेळी तो म्हणाला, "परवा तू हात वर केलंस, पन डोळं मिटल्यालं व्हतं."

भीमरावने आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. त्याने सगळं सांगून टाकलं, लूनापासून डायपर्यंत. गेनबाने तंबाखू थुंकली आणि तोंड पुसलं. साहेबाकडे जा, असं तो म्हणाला नाही. दोस्ताला यादीत टाकायचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. त्याने युक्ती काढली.

क्रेनच्या केबिनमध्ये पायाखाली एक घंटी असते. पूल सरकायला लागला की ती दाबायची, खालच्यांनी बाजूला व्हावं म्हणून. गेनबा म्हणाला, "म्या वज्झ्याखाली शिरायच्या आधी दोन शिट्ट्या मारीन. तू दांडा सोडायचा आन पायानं घंटी द्यायची. घंटी आली तर तू जागा. न्हाई आली तर म्या हात घालनार न्हाई, वर येऊन तुझ्या थोबाडावर पानी मारीन. हाय का कबूल?"

भीमरावला रडू यायचं बाकी राहिलं. दोघांना ही युक्ती फार आवडली. ती कुणालाही आवडली असती. झोपलेला माणूस घंटी कशी वाजवील? सहा महिने ती चालली. ज्या ज्या आठवड्यात दोघं एका पाळीत असत, त्या आठवड्यात शिट्टीला घंटी मिळाली नाही असं एकदाही झालं नाही. भीमरावलाही धीर आला. आणि गेनबाने हळूहळू मान वर करणं सोडून दिलं. काचेवर धूळ असायची, मान दुखायची, आणि घंटी स्पष्ट ऐकू यायची. मग बघायचं कशाला?

जूनमधल्या एका बुधवारी भीमराव रात्रपाळीसाठी दुपारी झोपून उठला. चंद्रभागाबाई तांदूळ निवडत होती. तिने चहा पुढे ठेवला आणि हसत म्हणाली, "अहो, एक गंमत सांगू का? कुकरची शिट्टी झाली की झोपेत तुमचा पाय हलतो."

"हलतो म्हणजे?"

"उजवा पाय. शिट्टी झाली की असा दाबता, जणू शिलाईचं मशीन चालवताय. आधी वाटलं डास चावला. मग मी मुद्दाम बघायला लागले. प्रत्येक शिट्टीला. परवा तर पलंगाच्या दांडीवर आपटलात, तरी जाग नाही. ढाराढूर. आम्रपाली पण हसत होती."

भीमरावने कप खाली ठेवला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"झाले की दोन-तीन महिने. का हो? असे पांढरे का पडलात? गंमत सांगितली मी."

तो नुसता आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिला, दुसऱ्या कुणाचा तरी पाय आपल्याला जोडलेला असावा तसा. शिट्टीला पाय उत्तर देतो. त्याला भीमरावची गरज नाही. गेनबाला गरज असलेली एकच गोष्ट, की घंटी म्हणजे भीमराव जागा, ती केव्हाच खोटी झाली होती, आणि गेनबाला ते माहीत नव्हतं. सांगायला हवं. आजच. पण त्या आठवड्यात गेनबा सकाळच्या पाळीत होता, त्याच्या घरी फोन नव्हता, आणि रात्री खाली दुसराच माणूस असायचा, जो शिट्टी मारत नसे. भीमराव रात्रपाळीला गेला आणि डोळ्यांत पाणी मारमारून त्याने ती रात्र काढली.

सकाळी पावणेसातला सुपरवायझर आला. बदलीचा चालक तापाने पडला होता. "ओव्हाळ, डबल करा." नोटीसबोर्डावर त्याच आठवड्यात एक कागद लागला होता. भट्टीवरचा एक जण पेंगताना सापडला म्हणून निलंबित. कागदाभोवती पाच-सहा जण उभे राहून हसत होते. भीमराव त्यांच्या मागून गेला आणि हो म्हणाला.

गेनबा ताजातवाना आला होता. अंघोळ केलेली, कपाळाला बुक्का. दोघांनी उभ्याउभ्या चहा घेतला.

"गेनबा, एक सांगायचं होतं," भीमराव म्हणाला.

"सांग की."

"ती घंटी..."

"आरं घंटीवर तर समदं चाललंय माजं," गेनबा हसून म्हणाला. "बायकूला बी सांगितलं. म्हनलं, भीमरावची घंटी हाय तवर तुझ्या कुकवाला घोर न्हाई."

आता यावर माणसाने काय बोलावं? बोलायलाच हवं होतं, हे मला इथे बसून कळतं. भीमरावला तिथेही कळत होतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत निवांत सांगू, तोवर आपण जागे राहू, असं त्याने स्वतःला बजावलं आणि तो शिडी चढला. एवढ्या भीतीत झोप येईलच कशी, असंही त्याला वाटलं. झोपेला माणसाची भीती कळत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

अकराला दहा मिनिटं कमी होती. साडेतीन टनांची डाय जमिनीपासून गुडघाभर उंचीवर थांबवली होती. तिच्याखाली लाकडी ठोकळे सरकवायचे आणि मग ती टेकवायची. खाली गेनबाने दोन शिट्ट्या मारल्या. घंटी वाजली. गेनबाने उजव्या हाताने ठोकळा आत सरकवला.

भीमरावला जाग आली ती किंकाळीने. त्याचं कपाळ काचेला टेकलं होतं, छातीचा भार डाय खाली सोडणाऱ्या दांड्यावर होता आणि उजवा पाय अजून घंटीवर होता. त्याने जे काही केलं ते त्याच्या हातांनी केलं, डाय वर उचलली, थांबवली. मग शिडीवरून तो उतरला की पडला हे त्याला सांगता येत नाही. गेनबाला उचलून नेत होते. जमिनीवर ठोकळा होता, आणि ठोकळ्याशेजारी जे होतं ते कुणीतरी रुमालात घेत होतं. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती.

दुपारी ऑफिसात चौकशी झाली. शॉपचे मॅनेजर दिगंबर साठे, शनिवार पेठेतले, आवाज न चढवता बोलणारे. शेजारी युनियनचा महिपती. कागद तयारच होता. कामगाराने ओझं टेकण्याआधी हात घातला, खुणेची वाट पाहिली नाही, निष्काळजीपणा कामगाराचा.

"गेनबाने स्वतःच तसं सांगितलंय," साठे म्हणाले. "शुद्धीवर येता येता म्हणाला, माझंच चुकलं, मी वर बघितलं नाही. आपण फक्त सही करा."

सही केली की सुटका होती. क्रेन राहणार होती, यादी टळणार होती, कुणी काही म्हणणार नव्हतं. आणि गेनबा आयुष्यभर आपल्या तुटक्या हाताकडे बघून स्वतःला शिव्या देणार होता.

"मी झोपलो होतो," तो म्हणाला.

महिपतीने घाईघाईने म्हटलं, "भीमराव, दमलायस तू. ब्रेक सरकला असं लिहू. मशीनवर जाईल, कुणाचंच नाव नको."

"ब्रेक ठीक होता. मी झोपलो होतो."

साठ्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. "ओव्हाळ, हे आपण लिहून दिलंत, तर उद्या मला विचारतील की बारा तास काम झालेल्या माणसाला क्रेनवर ठेवला कोणी. म्हणजे आपण एकटे उतरणार नाही, मलाही बरोबर घेऊन उतराल. आहे का तयारी?"

भीमराव भयंकर घाबरला होता. त्याने कोरा कागद ओढला. आय.टी.आय.त शिकवलेल्या गोल अक्षरात त्याने लिहिलं, की अडीच वर्षांपासून मला कामावर झोप लागते, मी डॉक्टरांना खोटं सांगितलं, आज सकाळी मी झोपलो होतो, गेनबाने शिट्टी मारली होती आणि माझ्याकडून घंटी गेली होती, चूक गेनबाची नाही. खाली सही केली. केबिनची किल्ली खिशातून काढून कागदावर ठेवली. बाहेर पडताना मागे कुणीतरी ते वाक्य म्हटलंच, बसून खायच्या कामाचं. एकोणीस वर्षं ज्याला तो भ्यायला होता ते हे एवढंच होतं. ते ऐकून त्याला काही झालं नाही, कारण खरी भीती अजून पुढे होती.

इस्पितळात गेनबा खिडकीजवळच्या खाटेवर होता. उजव्या हाताला बँडेजचा मोठा गोळा. भीमरावला बघून तो कसनुसा हसला.

"माजंच चुकलं रं. वर बघाया पायजे व्हतं. तुला उगा तरास."

भीमराव स्टुलावर बसला. "गेनबा, मी झोपलो होतो."

"आरं पन घंटी वाजली की! म्या कानानं ऐकली."

"वाजली. झोपेत वाजवली मी. पायाला सवय झालीय. शिट्टी ऐकली की पाय आपोआप दाबतो. घरी कुकरच्या शिट्टीलाही दाबतो. बुधवारी मला कळलं. सकाळी चहाला सांगणार होतो. भ्यालो."

गेनबा शिवी देईल, तोंडावर थुंकेल, निदान मान फिरवील, अशी भीमरावने तयारी ठेवली होती. गेनबाने यातलं काही केलं नाही. तो छताकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते, काहीतरी मोजत असल्यासारखे. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. एवढी बोटं तुटली तेव्हा दिसली नसेल इतकी भीती आता त्याच्या डोळ्यांत आली.

"भीमराव," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "सा म्हयनं झालं. रोज धा-पंधरा डाव शिरतो म्या. हात घालून, कधी डोस्कं घालून. त्यात किती डाव तू झोपल्याला व्हतास?"

भीमरावने आठवून बघायचा प्रयत्न केला. आठवण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

"माहीत नाही, गेनबा."

गेनबाने डावा हात उचलला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच दाबून धरला. भीमराव जायला म्हणून उठला, कारण आता आपण याच्यासमोर बसणंही बरं नव्हे असं त्याला वाटलं. गेनबाने डोक्यावरचा हात काढला आणि त्याची बाही पकडली.

"जाऊ नगंस," तो म्हणाला. "बस हितंच. लई भ्या वाटाया लागलंय मला."